गच्चीवर जे जे मुरतं

नाशिकला घर असलं की नातेवाइकांच्या अपेक्षा ठरलेल्या असतात. सकाळी रामकुंड आणि काळाराम, मग मिसळ, दुपारी त्र्यंबकेश्वर, आणि ऊन उतरायला लागलं की गंगापूर धरणाच्या बाजूला "ते द्राक्षांचे मळे बघायला". मळे बघायला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. मागच्या सीटवरच्या आत्याबाईंना मात्र खरोखरच मळे बघायचे असतात. पोचल्या पोचल्या त्या विचारतात, "अरे, घड कुठायत?" आता नाशिकची द्राक्षं येतात जानेवारी ते मार्च आणि पाहुणे येतात बारा महिने, याला आम्ही काय करणार? राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून इकडे आले, २००० साली सुलाची पहिली वाइन निघाली, आणि तेव्हापासून आमच्या गावाची ख्याती गोदावरीखेरीज आणखी एका प्रवाहावर चालते.

पण पाहुण्यांची वाइन वेगळी आणि घरची वाइन वेगळी. पाहुण्यांची वाइन सूर्यास्ताकडे तोंड करून, पेला उजेडात धरून, आधी फोटो आणि मग घोट अशा क्रमाने पितात. घरची वाइन रविवारी संध्याकाळी गच्चीवर, गुडघ्याला माती, नखांत शेणखत आणि शेजारी अर्धवट उपटलेली लव्हाळ्याची मुळी, अशा थाटात प्यायची असते. आमच्याकडे ती आलीच मुळी बागकामाच्या दारानं, आणि म्हणून टिकली. समोरच्या दारानं आली असती तर सासूबाईंनी उंबऱ्यावरूनच तिची बोळवण केली असती.

नवरा बँकेतून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी गच्चीवर रुजू झाला. आमचं रो-हाउस आहे, गच्चीला गच्ची लागून. त्यामुळे एका गच्चीवर काय चाललंय ते सात गच्च्यांना दिसतं. आधी तुळस, कढीपत्ता आणि गवती चहा एवढाच संसार होता. मग रंगाच्या रिकाम्या बादल्या आल्या, थर्माकोलची खोकी आली, फुटक्या कूलरची टाकी आली आणि तिच्यात दुधी आला. गच्ची पूर्वी सासूबाईंच्या वाळवणांची. कुरडया, सांडगे, पापड, साबुदाण्याच्या चकल्या, सगळ्यांची जागा ठरलेली. त्या राज्यात कुंड्या घुसल्यावर तह करावा लागला. पूर्वेकडची बाजू झाडांची, पश्चिमेकडची वाळवणांची, आणि मधली पाण्याच्या टाकीजवळची पट्टी कुणाचीच नाही. वाइन याच पट्टीत पितात.

घरात आंबवण्याचे उद्योग तीन चालतात, आणि तिघांचे तीन मालक आहेत.

पहिला उद्योग झाडांचा. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीतलं जीवामृत नवऱ्यानं मनावर घेतलं. मूळ कृती शेतकऱ्यासाठी आहे: २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, त्याच्या जोडीला गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आमच्या गच्चीला सगळ्याचा दहावा हिस्सा पुरतो. पण दहाव्या हिश्शातलं बेसनसुद्धा स्वयंपाकघरातल्या डब्यातूनच जातं. "पिठलं कर म्हटलं तर डबा रिकामा, आणि शेवग्याला मात्र बेसन!" हे वाक्य आमच्याकडे दर पंधरवड्याला होतं. पिंपातलं ते मिश्रण सकाळ-संध्याकाळ काठीनं एकाच दिशेनं ढवळायचं असतं. लग्न झाल्यापासून या माणसानं स्वयंपाकघरातलं काहीही ढवळल्याचं मला आठवत नाही. आमटी करपून पातेल्याचा तळ काळा झाला तरी "काहीतरी वास येतोय" एवढंच कळवलेलं आहे. जीवामृत मात्र एक वेळसुद्धा चुकत नाही.

दुसरा उद्योग सासूबाईंचा. त्या रोज रात्री जेवणानंतर द्राक्षासव घेतात. दोन चमचे, तेवढंच पाणी घालून, बाहेरच्या खोलीत उभ्यानं. हे व्रत माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं आहे. द्राक्षासव म्हणजे द्राक्षं किंवा मनुका, त्यात गूळ किंवा साखर, मिरी-पिंपळी-वेलदोड्यासारखी द्रव्यं आणि धायटीची फुलं, आणि हे सगळं बंद भांड्यात आठवडेच्या आठवडे मुरू द्यायचं. धायटीची फुलं आंबवण्याचं काम करतात आणि त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. लेक पुण्याहून आली होती, तिनं चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली.

"आजी, यात अल्कोहोल आहे!"

"असू दे. मी तोंड वाकडं करून घेते."

या एका वाक्यात आमच्या घराचं अबकारी धोरण आहे. तोंड वाकडं करून घेतलं तर औषध, हसत घेतली तर दारू. गंमत म्हणजे सरकारचंही मत सासूबाईंसारखंच आहे. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ सालचा कायदा अजून आहे आणि त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळतो, आणि वर्षाचा किंवा आयुष्यभराचा काढला तर तो दिला जातो आरोग्य राखण्यासाठी! एवढा लोभस सरकारी कागद मी दुसरा पाहिलेला नाही. शनिवारी रात्री टेबलाभोवती बसलेले, ग्लासवर ग्लास आदळणारे ते सगळे लोक कायद्याच्या नजरेनं आपापली प्रकृती सांभाळत असतात.

तिसरा उद्योग नवऱ्याचा, आणि त्यात मुरवण्याचं काम दुसऱ्यांनी केलेलं असतं. त्याची पहिली बाटली बरीच स्वस्तातली होती आणि इतकी आंबट होती, की तोंड वाकडं करायला अभिनय लागला नाही. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा अर्धा विरोध तिथेच गळाला. उरलेला अर्धा गेला तो फ्रिजमुळे.

फ्रिजमध्ये प्रत्येक फळीला सोवळंओवळं असतं. वर नैवेद्याचं दूध आणि विरजण, मध्ये शिजवलेलं, खाली भाज्या. उघडलेली बाटली राहणार कुठे? ती भाज्यांच्या खणात मेथीच्या जुडीखाली आडवी झाली. मेथी निवडायला काढली की बाटली उघडी पडे. एकदा सासूबाईंनी विचारलं, "हे किती दिवस ठेवायचं?" नवऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की बूच काढलं की हवा लागते, तीन-चार दिवसांत चव उतरते आणि पुढे त्याचं व्हिनेगर होतं. झालं! ज्या बाईनं आयुष्यात शिळ्या पोळीचा लाडू, शिळ्या भाताची फोडणी आणि नासलेल्या दुधाचा कलाकंद केला, तिला वस्तू वाया जातेय हे सांगितल्यावर दुसरं काय होणार? "मग उघडलीच आहे तर संपवा बाई! अन्न टाकायचं नसतं."

पण संपवणार कधी? नवऱ्याचा सोमवार असतो. मंगळवारी चतुर्थी निघण्याची शक्यता असते. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी कुठेही उगवते. श्रावण, नवरात्र, मार्गशीर्ष यांचं तर बोलायलाच नको, आणि एखादा दिवस मोकळा सापडलाच तर त्या दिवशी सरकारचा ड्राय डे असतो. बाटली ७५० मिलिलिटरची, माणूस एक, दिवस रविवार. हे गणित एकट्यानं सुटणारं नव्हतं म्हणून मी मदतीला गेले. मी वाइन पिते ती अन्न वाया जाऊ नये म्हणून, हे इथे नोंदवून ठेवते.

मी पिते स्टीलच्या पेल्यातून. आमच्याकडे वास्तुशांतीला आहेरात आलेले काचेचे सहा उंच दांड्यांचे वाइनचे ग्लास आहेत. ते शोकेसमध्ये असतात आणि दिवाळीत फ्रूट सॅलडसाठी बाहेर निघतात. त्या दांड्यांचे ग्लास घेऊन गच्चीवर गेलं की सातही गच्च्यांवर कपडे वाळत घालणारे हात थांबतात. स्टीलच्या पेल्याला असं काही नाही. त्यात काहीही असलं तरी ते घरगुती. शेजारच्या काकूंनी कठड्यावरून "काय घेताय?" विचारलं तर "कोकम" म्हणायचीही गरज पडत नाही, कारण त्या विचारतच नाहीत.

वाइन कशी प्यायची हे लेकीनं शिकवलं. तिच्या ऑफिसातल्या लोकांना असल्या गोष्टी येतात. तिनं सॉव्हिन्यॉ ब्लांची बाटली आणली, फ्रूट सॅलडचे ग्लास बाहेर काढायला लावले आणि बाबांना सांगितलं, नुसती गिळू नका. ग्लास फिरवा, नाक आत घाला, कसला वास येतोय ते ओळखा. नवऱ्यानं डोळे मिटले. बागकाम करणाऱ्या माणसाचं नाक चांगलं असतं, हे मानावं लागेल. त्यानं आधी "कापलेलं गवत" म्हटलं आणि मग जरा थांबून, "ढोबळी मिरची".

लेक खूश. कारण ते बरोबर होतं. ढोबळी मिरचीला जो विशिष्ट हिरवा वास असतो, त्याच जातीची रसायनं या द्राक्षातही असतात, आणि वाइनवाले जाणते लोक अगदी असंच वर्णन करतात. आम्ही कौतुकानं बघत असताना कुरडया उलथत बसलेल्या सासूबाई तिकडून म्हणाल्या, "ढोबळी मिरचीचा एवढा सोस आहे, तर काल पीठ पेरून भाजी केली तेव्हा ताट का सरकवलंस?"

याला वाइनच्या कुठल्याही अभ्यासक्रमात उत्तर नाही.

एवढं झाल्यावर नवऱ्याला द्राक्षाचा वेल लावायचं सुचणं क्रमप्राप्त होतं. त्याचे मामा दिंडोरीकडचे. पिढीजात द्राक्ष बागायतदार, आणि दारूचा थेंब कधी जिभेला न लावलेले माळकरी. त्यांनी काडी आणून दिली, सोबत वेळापत्रकही दिलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोड छाटणी, पहिल्या छाटणीनं काडी तयार करायची, दुसरीनं घड काढायचे. नवऱ्यानं ते फ्रिजच्या दारावर चिकटवलं, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वर. वेल मोठ्या पिंपात लागला, कपडे वाळत घालायच्या तारेवर चढला आणि पावसाळा सरता सरता पानांवर तेलकट पिवळे डाग पडले. खाली पांढुरका थर. मामांना फोटो पाठवला. उलट उत्तर आलं: "केवडा. बोर्डो मार."

बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला दोन्ही एकेक किलो. म्हणजे आमच्या वेलाला एका लिटरसाठी दहा-दहा ग्रॅम. नवरा कृषी सेवा केंद्रात गेला, मी पिशवी धरायला बरोबर होते. काउंटरवर ट्रॅक्टरवाले दोघंतिघं उभे.

"मोरचूद द्या."

"किती एकर?"

"एक पिंप."

दुकानदारानं वर पाहिलं. "पिंप कशाचं?"

"पिंपात वेल आहे."

"व्हरायटी कोणती?"

"मामांनी दिलीय."

कुणीही हसलं नाही. शेतकरी माणूस दुसऱ्याच्या बागेला हसत नाही, केवढी का असेना. दुकानदारानं अर्ध्या किलोचं पुडकं दिलं, कमी मिळणार नाही म्हणाला, आणि वर सल्ला दिला की प्लास्टिकच्या बादलीतच करा, धातूचं भांडं वापरू नका. या हिशेबानं आमच्याकडे अजून नातवंडांना पुरेल एवढा मोरचूद आहे.

बोर्डो करताना चुना पुरेसा पडला की नाही, ते बघायची एक जुनी रीत आहे. लोखंडाची वस्तू मिश्रणात थोडा वेळ बुडवायची. तिच्यावर तांबूस थर चढला तर तांब्याचा अंश मोकळा आहे, पानं भाजतील, अजून चुना घाला. रीत उत्तम आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्यासाठी घरात खिळे होते, जुना कोयता होता, मोडक्या खुर्चीचा पाय होता. माझी भाजी चिरायची सुरीच कशाला हवी होती? सुरी बाहेर आली तेव्हा पात्याचा रंग देवघरातल्या पळीसारखा झाला होता. चुना वाढवला. मग फवारणी झाली. वेल आकाशी, तार आकाशी, तारेवरच्या उशीच्या खोळी आकाशी, आणि वाऱ्यानं दिशा बदलल्यामुळे तहाची रेषा ओलांडून दोन ताटं कुरडया आकाशी. त्या टाकाव्या लागल्या. त्या दिवशी आमच्याकडे वाइन उघडली नाही.

पुढच्या वेळी मामा आले तेव्हा लेकीनं त्यांना बोर्डोची कुळकथा सांगितली. हे मिश्रण फ्रान्सच्या बोर्डो भागातलं, जो भाग जगात वाइनसाठी नावाजलेला आहे. तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना फासायचे, पानं विचित्र दिसावीत आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं द्राक्षं चोरून खाऊ नयेत म्हणून. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडच्या वेलींवरच केवडा नाही. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली ते जाहीर केलं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यभर ज्यानं हंगामाहंगामाला बोर्डोच्या टाक्याच्या टाक्या मारल्या, त्या माणसाला त्याचं गाव पहिल्यांदा कळत होतं. म्हणाले, "म्हणजे चोरासाठी मारलं आणि रोगाला लागू पडलं. आपल्याकडे उलटं. आपण रोगासाठी मारतो, चोर तरी येतोच."

मग त्यांनी वेल पाहिला. पानं चांगली, म्हणाले. काडी बारीक. घड तीन, त्यातला एक बुलबुलांनी निम्मा केलेला.

"भाचेबुवा, याची वाइन करणार काय?"

"बघू, मामा."

"नाही व्हायची. ही खायची द्राक्षं. वाइनची जात वेगळी, बारीक मणी, जाड साल, आत बिया. तोंडात टाकली तर थुंकून द्याल." आणि मग जरा थांबून, "२०२२ला ते सुपरमार्केटात वाइन ठेवायचं निघालं होतं ना, जानेवारीत? तेव्हा टीव्हीवर रोज सांगायचे, द्राक्ष शेतकऱ्याचं कल्याण होणार. मी रोज बघायचो. माझी सगळी बाग खायच्या द्राक्षांची. पण बरं वाटायचं, कल्याण होणार म्हणून."

तो निर्णय आरडाओरडा होऊन पुढे रखडला, हे वाचकांना माहीत आहेच. मामांची खरी भीती वेगळी असते: माल काढायला आलेला आणि मार्चमध्ये अवकाळीचं आभाळ. ते आमच्या मधल्या पट्टीत खुर्चीवर बसले, त्यांनी ताक घेतलं, आम्ही आमचे स्टीलचे पेले घेतले. सासूबाईंनी भावाला विचारलं, "द्राक्षासव घेतोस का दोन चमचे? पचनाला बरं." मामांनी घेतलं. तोंड वाकडं केलं. माळेला काही झालं नाही.

राहता राहिल्या बाटल्या. दारू पिण्यापेक्षा रिकामी बाटली घराबाहेर काढणं अवघड असतं, हे ज्यांच्या घरी चोरून का होईना येते त्यांना सांगायला नको. भंगारवाला बाटली घेतो, पण घेताना तिसऱ्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात मोजतो. कचऱ्याच्या गाडीत टाकली तर ती खणखणते. म्हणून नवऱ्यानं ठरवलं, एकही बाटली बाहेर जाणार नाही, सगळ्या बागेत लागतील. काहींत मनी प्लांट आला. हिरव्या जाड काचेतून उजेड कमी जातो, त्यामुळे पाण्यात शेवाळं कमी धरतं, म्हणजे पांढऱ्या बाटलीपेक्षा ही सरसच. काहींच्या तोंडाला बारीक भोकाचं बूच बसवून त्या कुंड्यांत उलट्या खोचल्या, म्हणजे गावाला गेलो की झाडांना थोडं थोडं पाणी मिळत राहतं. उरलेल्या वाफ्याच्या कडेला विटांऐवजी पुरल्या, तळ वर करून, ओळीनं. संध्याकाळच्या उन्हात ते तळ सुंदर चमकतात.

आता भंगारवाल्याला दिल्या असत्या तर आमच्या बाटल्या फक्त भंगारवाल्यानं मोजल्या असत्या. बागेत लावल्यामुळे सात गच्च्या मोजतात. शेजारच्या काकांनी तर परवा कठड्यावरून चौकशी केली, "यंदा वाफा लांबवलेला दिसतोय?"

मनी प्लांट चोरून आणला तरच फळतो, असा समज आहे. आमचे पाहुणे श्रद्धाळू आहेत. पूर्वी ते फांदी तोडून पर्समध्ये घालायचे. अलीकडे बाटलीसकट नेतात, कारण "त्या बाटलीत छान दिसतो". नवऱ्याचा त्यावर आक्षेप नाही, उलट आधार आहे: जितक्या गेल्या तितक्या पुन्हा आणायला नकोत का? सासूबाईंचं मात्र स्पष्ट मत आहे की पाहुण्यांना फांद्या मोफत आणि बाटल्या विकत द्याव्यात. मी त्यांच्या बाजूची आहे. तेव्हा नाशिकला आलात, मळे बघून झाले, आणि मनी प्लांट न्यायचा असला तर जरूर या. फक्त बाटली आपापली आणा, आणि ती भरलेली आणलीत तर रविवारी या.